गोदाच्या नवमीचं पान

मोती,

उद्या दुपारच्या लहान गाडीनं तो नागपूरचा पेपरवाला येतो आहे. तुला जाऊन आज अकरा दिवस झाले, आणि मी धड रडायचं सोडून उद्या त्याला काय सांगायचं याची घोकंपट्टी करत बसलो आहे. तू असतास तर पोट धरून हसला असतास. जन्मभर दुसऱ्यांना वाक्यं पुरवली आणि स्वतःवर वेळ आली तर याची दातखीळ बसली, म्हणाला असतास.

त्यानं कार्ड टाकलं रे, पाकीट नाही. उघडं कार्ड. ‘कै. मोतीराम यांच्यावर मोठा लेख करीत आहोत. त्यांच्या गावी जाऊन आलो. लग्नाविषयी काही शंका उत्पन्न झाल्या आहेत. आपण एकाच घरी राहत होता, तेव्हा आपली भेट अगत्याची आहे.’ पोस्टमननं कार्ड दिलं तेव्हा तो नेहमीसारखा बोलत उभा राहिला नाही. त्यानं वाचलं असणार. नागपूर ते वडसा या कार्डावर किती जणांची नजर फिरली असेल, त्यातला कुणी आमच्या हेडमास्तरांच्या ओळखीचा निघाला तर काय, हा हिशेब मी तीन दिवस करतो आहे. जनपद सभेच्या सरकारी शाळेतली नोकरी जायला कारण लागत नाही, नुसती कुजबुज पुरते.

तुझं बरं होतं. तुला लोकांची भीती कधी वाटलीच नाही. वडशाच्या पानठेल्यांवर बाईच्या भूमिकेतला, शालू नेसलेला तुझा फोटो, ब्रह्मपुरीच्या कॉलेजातली पोरं तुझ्या नावानं पत्रं लिहायची, आणि गावोगावच्या लेकीसुना तुझ्यासारखा पदर खोचायला शिकलेल्या. बाजारात निघालास की माणसं वाट सोडायची आणि मग मागून चालायची. आपल्या खिडकीतून कुणीही डोकावून जायचं. मी खिडकीला पडदा लावायचा आणि तू काढायचा, हे किती वर्षं चाललं? ‘पाहू दे ना मास्तर, पाहून का जीव घेतात का?’ असं म्हणायचास. मी म्हणायचो, हो, घेतात. त्यावर तू पडदा कमरेला गुंडाळून मला स्टेजवरची ठुमक दाखवायचास आणि मी रागावायचं विसरून जायचो.

तो पडदा तू गेलास त्या दिवसापासून लावलेला आहे. आता काढायला कुणी नाही.

लोकांना वाटायचं, मोतीरामचा गळा, मोतीरामचे डोळे, मोतीरामची अदा. होतंच सगळं तुझं. पण शब्द मी द्यायचो. तुला अक्षर वाचता येत नव्हतं आणि पाठांतराचा तर कंटाळाच. झाडीपट्टीत कोण पाठ करतं म्हणा! धानाची मळणी आटोपली की गावोगाव नाटकं, आज हे, उद्या ते. मी स्टेजच्या पुढ्यातल्या खड्ड्यात पोथी घेऊन बसायचो. माझं डोकं तेवढं फळ्यांच्या वर. मी ओठ हलवले की पुढच्या क्षणाला ते वाक्य तुझ्या तोंडून असं निघायचं की पुढं बसलेल्या बायका पदर डोळ्याला लावायच्या. बारा हंगाम हेच केलं आपण. तू बोलत असताना तुझं निम्मं लक्ष माझ्या ओठांवर असायचं, याचं मला मनातून किती सुख होतं हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगून टाकतो.

आणि त्याच सवयीनं आपला घात केला.

हाच पेपरवाला मागच्या उन्हाळ्यात घरी आला होता. तू खाटेवर बसलेला, तो तुझ्यासमोर, आणि मी त्याच्या पाठीमागे पोरांच्या पाट्या तपासत. नाटकाचं सगळं विचारून झालं. मग त्यानं घरभर एक नजर फिरवली. दोन खाटा, दोन पितळ्या, एक आरसा. आणि हसत विचारलं, ‘तुमच्यावर एवढ्या स्त्रिया जीव टाकतात, मग तुमचं लग्न कसं नाही झालं?’

तू त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलंस. देवाशपथ सांगतो मोती, मी ठरवून काही केलं नाही. तू पाहिलंस आणि माझे ओठ हलले. ‘झालं होतं. बायको वारली.’

तू तसंच म्हटलंस. आवाज खाली आणून, ‘वारली’वर किंचित थांबून. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला हायसं वाटलं, पण तो पुढं विचारू लागला. नाव काय, दिसायला कशा, स्वभाव कसा. माझ्याजवळ पुढची वाक्यं नव्हती. आणि मग तू पहिल्यांदा माझ्याशिवाय बोललास.

‘गोदा नाव व्हतं. हासे कमी. चिडे लवकर. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा धुंडे. मले वाचून दाखवे. मी तापानं पडलो का उशाशी बसून राहे, अन् ताप उतरला का माह्यावरच खेकसे, का उघड्यावर काऊन निजला म्हून.’

मी कपाळावरचा चष्मा हळूच काढून खिशात घातला. पेपरवाला लिहीतच होता. त्याला विचारावंसं वाटलं नाही, की झाडीतल्या कुठल्या खेड्यातली बाई चष्मा लावून नवऱ्याला वाचून दाखवते? मला वाटत होतं, आता विचारेल, आता विचारेल. तू मात्र माझ्याकडे बघून मिशीत हसत होतास. मिशी नव्हती तरी.

तो गेल्यावर तू जेवला नाहीस. तुझा राग मला माहीत होता, धाडधाड भांडी आपटायचास. त्या दिवशी भांड्यांचा आवाज नाही, काही नाही. संध्याकाळी म्हणालास, ‘जित्ता माणूस घरी बसला हाय अन् तू माह्या तोंडातून मेलेली बाई काढली.’

मी म्हटलं, मग काय सांगायला हवं होतं? खरं? दोघांना दगड मारले असते.

‘खरं सांग म्हून कोण म्हणते तुले? सांगत नाई म्हणायचं. आमच्या घरची गोठ हाय, नाई सांगत. झालं.’

मी म्हटलं, ‘सांगत नाही’ म्हटल्यानं चौकशी थांबत नाही, उलट तिथूनच सुरू होते. तू म्हणालास, होऊ दे सुरू. हे भांडण आपण सहा महिने भांडलो. हंगाम सुरू झाला, बैलगाडीत, तंबूत, रंग लावताना, रंग पुसताना. चारचौघांत मला ‘तुमी मास्तर’ म्हणत भांडायचास, आणि दार लावलं की ‘तू’. निकाल लागला नाही. कोण बरोबर हे न ठरवता तू निघून गेलास, हे काही बरं नाही केलंस.

एक गोष्ट मात्र तुला माहीत नव्हती. आज सांगायलाच हवी.

तो पेपर आला तेव्हा मी तो फलाटावरच उघडला. लेखाच्या शेवटी एक ओळ होती. ‘मंडळीचे प्रॉम्प्टर शामराव मास्तर त्यांच्याच घरी राहतात व त्यांच्या खाण्यापिण्याची काळजी घेतात.’ एवढंच. साधी ओळ, कुणाला त्यात वावगं दिसलं नसतं. पण मी ती पुन्हा पुन्हा वाचली. आधी चष्म्याची बाई आणि मग चष्म्याचा मास्तर, एकाच पानावर. मी घरी येऊन तुला लेख वाचून दाखवला आणि ती ओळ गाळली. तू सगळं ऐकलंस, गोदाचं वर्णन दोनदा वाचायला लावलंस, आणि मग विचारलंस, ‘अन् तुहं नाव?’

मी म्हटलं, ‘नाही छापलं.’

‘मी तर त्याले चार डाव सांगितलं व्हतं. मास्तरचं नाव टाकजो म्हून.’ तू एवढंच बोललास आणि पेपर घडी करून पेटीत ठेवलास. तुझं तोंड उतरलं होतं. छापलं होतं रे मोती. तू सांगितलेलं सगळं त्यानं छापलं होतं. मी तुला फसवलं. रोज वाटायचं, आज सांगावं, आणि रोज वाटायचं, आता सांगितलं तर आणखी चिडेल. पेपर तुझ्याच पेटीत आहे, ओळ तिथंच आहे, तुला वाचता येत नव्हतं म्हणून माझं पाप झाकलं गेलं.

आणि छापलेल्या बाईला मरण नसतं हे आपल्याला तेव्हा कुठं ठाऊक होतं! लेख गावभर झाला. भादव्यात पक्षपंधरवडा लागला तशी शेजारची सखूबाई दारात हजर. ‘मोतीरामभाऊ, तुमची गोदा सवाष्ण गेली. नवमीले तिच्या नावानं सवाष्ण जेवू घाला लागते. आजवर काऊन नाई घातली?’ तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाक्य सुचलं नाही. शेवटी तूच म्हणालास, ‘याच बाई, तुमीच या.’

त्या नवमीचं मला अजून नीट आठवतं. तू पहाटे आंघोळ करून चुलीपुढं बसलास, मला आत येऊ दिलं नाहीस. उडदाचे वडे, कढी, खीर, आणि अंबाडीची भाजी. पत्रावळ मांडलीस, सखूबाईची ओटी भरलीस, आणि हात जोडून म्हणालास, ‘गोदे, जेव वं.’ मी आतल्या खोलीत स्वतःच्या श्राद्धाचा वास घेत बसलो होतो. भीतीही वाटत होती आणि तोंडाला पाणीही सुटत होतं. ती जेवून गेल्यावर तू मला ओढून आणलंस आणि माझ्यापुढं वाढलंस. ‘खा मास्तर. तुह्याच नावाचा वडा हाय.’ आपण इतके हसलो की ठसका लागला. मग डोळे पुसत तू म्हणालास, ‘असं करू नाई. जित्त्या माणसाचं करू नाई.’

पौषात तू गेलास. मी शिकलेला माणूस आहे, पोरांना विज्ञान शिकवतो. तरी अकरा दिवस हेच डोक्यात फिरतं आहे की जेवण माझ्या नावानं घातलं आणि नेणाऱ्यानं नेलं तुला.

भडाग्नी तुझ्या थोरल्या भावानं दिला, तेच रीतीचं होतं. मी गर्दीत मागे उभा होतो. एवढी माणसं आली होती की मला तुझा चेहरा दिसला नाही. बारा वर्षं मी सगळ्यांत पुढे बसून पाहिलं, आणि शेवटच्या दिवशी मला जागा मिळाली नाही.

असो. आता उद्याचं. मी ठरवलं आहे, गोदा होती असंच सांगायचं. गाव दुसरं सांगायचं, लग्न दूर कुठंतरी सिरोंच्याकडे झालं म्हणायचं. तिथवर तो काही जायचा नाही.

*

आज सकाळी सखूबाई वरण-भात घेऊन आली. तिला पेपरवाल्याचं कळलं होतंच, पोस्टमन तिचा मावसभाऊ. मला म्हणाली, ‘मास्तर, त्याले माह्याकडं धाडा. मी सांगीन, गोदीले मी पाहली व्हती. माह्या माहेराकडची व्हती म्हणीन. मंग कोण काय म्हणते पाहू.’

मी म्हटलं, ‘पण बाई, तुम्ही तिला कुठं पाहिलं?’

‘नाई पाहली,’ ती म्हणाली. ताट ठेवलं, पदर सावरला. ‘मास्तर, दहा वर्सं माह्या आंगणातली अंबाडी तुमी नेता. मोतीरामभाऊ आंबटाले शिवत नोहोता, गळा बसते म्हून. मंग नवमीच्या पानावर अंबाडी कोणाच्या आवडीची व्हती? मले तवाच समजलं पान कोणाचं हाय थे.’

मोती, मी खाटेवर बसलो. भादव्यापासून हिला माहीत होतं. भादव्यापासून ही रोज दारावरून जात होती, हाक मारत होती, तू आजारी पडलास तेव्हा काढा आणत होती. आणि शेवटी तापात तू तिच्यासमोर मला ‘तू’ म्हणालास, ‘तू जाऊ नको मास्तर,’ तेव्हा ती उठून बाहेर पाणी तापवायला गेली होती. मला वाटलं, काही ऐकलं नाही हिनं. ऐकलं होतं म्हणूनच गेली होती.

‘जेवा,’ ती म्हणाली. ‘बारा दिस झाले, तुमाले कोणी जेवा म्हणलं नसन.’

मग मला रडू आलं. बारा दिवसांत पहिल्यांदा, मोठ्यानं.

*

तो येऊन गेला.

तुझ्या खाटेवर त्यानं बसू नये म्हणून मी तिच्यावर पाट्या मांडून ठेवल्या होत्या. तो माझ्या खाटेवर बसला, मी जमिनीवर. माणूस वाईट नाही. आधी तुझ्याबद्दल चांगलं बोलला, नागपुरात तुझ्या फोटोंच्या कशा प्रती खपतात ते सांगितलं. मग वही उघडली. ‘मास्तर, त्यांच्या गावात कुणालाच लग्न आठवत नाही. भाऊसुद्धा टाळाटाळ करतात. वाचक गोदाबाईंचा फोटो मागताहेत हो. गोदाबाई कोण होत्या?’

सगळं तयार होतं. सिरोंचा तयार होतं, सखूबाई दोन घरं पलीकडे साक्षीला तयार होती. मी तोंड उघडलं आणि वाक्य येईना. आणि मोती, मी काय केलं असेल? मी तुझ्या रिकाम्या खाटेकडे पाहिलं. बारा वर्षं तू माझ्याकडे बघायचास, तसं.

‘सांगत नाही,’ मी म्हटलं.

‘म्हणजे नव्हत्या?’

‘होत्या की नव्हत्या, तेही सांगत नाही. आमच्या घरची गोष्ट आहे.’

माझा आवाज चिरका निघाला. तू हे वाक्य कितीतरी छान म्हटलं असतंस. मग त्यानं वहीतून जुन्या लेखाचं कात्रण काढलं आणि त्यावरून नजर फिरवत मध्येच थांबला. वर पाहिलं. माझ्या तोंडाकडे नाही, कपाळाकडे. चष्मा तिथं होता. काढून खिशात घालावा असं बोटांना फार वाटलं. मी हात मांडीखाली दाबून ठेवले आणि चष्मा राहू दिला.

त्यानं कात्रण घडी करून ठेवलं. त्याला काय समजलं, तो काय छापेल, मला कळत नाही. त्यानं काही कबूल केलं नाही, मीही हात जोडले नाहीत. पेनाला टोपण घालता घालता म्हणाला, ‘एक राहिलं. लेखाच्या शेवटी द्यावंच लागतं. त्यांच्या पश्चात कोण आहे?’

‘भाऊ आहे,’ मी म्हटलं.

‘ते लिहिलं. आणखी?’

बाहेर सखूबाई कुणाशी तरी मोठमोठ्यानं बोलत होती, आपलं लक्ष इकडंच आहे हे कळावं म्हणून. शाळा, हेडमास्तर, पोस्टमन, सगळे डोळ्यांपुढून गेले.

‘आणखी मी.’

त्यानं टोपण पुन्हा काढलं. ‘काय लिहू? मित्र? सहकारी?’

‘नाव लिहा. शामराव मास्तर. पुढं काही लिहू नका.’

त्यानं लिहिलं. मी उठून बघितलं, कानेसुद्धा तपासले, मास्तरच ना मी.

रविवारी पेपर येईल. त्यात ते नाव असेल की त्याच्या जागी काही भलतंच असेल, या विचारानं जीव टांगणीला लागला आहे. तरी मी गाडीवर जाईन. पण या वेळी फलाटावर उघडणार नाही. घडी न मोडता घरी आणीन, पाट्या उचलून तुझ्या खाटेजवळ बसेन आणि मोठ्यानं वाचून दाखवीन. एकही ओळ गाळणार नाही.